सूट सगळे बघतात, किलोचा भाव कोण बघणार? किराणा भरताना या चुका टाळा

महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगली-मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही मार्टमध्ये जा. ट्रॉली ढकलणारी माणसं दोनच गोष्टी बोलत असतात. "किती महाग झालंय सगळं," आणि लगेच, "अगं हे घे, याच्यावर सूट आहे." दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून.

मी विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांची मेस चालवते. तेल-डाळीचा भाव वाढला की तो थेट माझ्या खिशातून जातो, कारण मेसचा दर वर्षाच्या सुरुवातीला ठरतो आणि मध्येच वाढवला तर पोरं शेजारची मेस धरतात. त्यामुळे महागाई म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्यावरचं आयात शुल्क वाढलं आणि त्या वर्षीच्या फराळाला सगळ्यांनाच चटका बसला. त्याला आपण काही करू शकत नाही. पण माझ्याकडे "काकू, तुम्हाला कसं परवडतं हो?" असं विचारायला येणाऱ्यांच्या पिशव्या बघितल्या की कळतं, निम्मं नुकसान त्यांनी स्वतः ट्रॉलीत उचलून ठेवलेलं असतं. चुका त्याच त्याच. सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते.

सूट कशावर आहे हे न बघणं

एमआरपी सरकार ठरवत नाही. कंपनी ठरवते आणि छापते. कायदा एवढंच म्हणतो की छापलेल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही. कमी किती घ्यायचे हा ज्याचा त्याचा धंदा. म्हणजे तूरडाळीच्या पाकिटावर 240 छापायचे, खाली पिवळ्या पट्टीवर 150 लिहायचे, की गिऱ्हाईक 90 रुपये वाचले म्हणून खूश. तशीच डाळ गणपती पेठेत सुटी 140 ला मिळत असेल तर वाचले किती? उलटे दहा गेले. (आकडे समजण्यापुरते आहेत, आजचा भाव म्हणून कुणी दुकानदाराशी भांडू नका.)

माझी सवय सोपी आहे. तेल, तूरडाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे, पोहे, रवा, चहा असल्या रोज लागणाऱ्या मालाचे किलोचे भाव मी पाठ ठेवते. महिन्याला एकदा पेठेत चक्कर मारून विचारून येते, घेवो अगर न घेवो. दुकानदार वैतागत नाहीत, उलट "या वहिनी, आज काय विचारायचंय?" म्हणतात. भाव डोक्यात असला की पिवळी पट्टी दिसतसुद्धा नाही. ज्यांना हे कष्ट नकोत आणि "कुठल्या मार्टात सगळ्यात स्वस्त मिळतं तेवढं सांगा" असं विचारतात, त्यांना मी काहीच सांगत नाही. सगळं स्वस्त मिळणारं दुकान अजून कुणी उघडलेलं नाही. साखरेत तोटा घेणारा साबणात वसूल करतो.

लिटर आणि किलो एकच समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. शिकलेली माणसं करतात म्हणून जास्त राग येतो.

माझा धाकटा भाऊ कुपवाडला एमआयडीसीत नोकरीला आहे. हिशोबाला पक्का, असं त्याचं स्वतःबद्दल मत. दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन. "आक्का, तू पेठेतनं सोयाबीनचा डबा केवढ्याला घेतलास?" म्हटलं, चोवीसशेला. "मला मार्टात बावीसशे ऐंशीला मिळाला! तुझा तो दुकानदार तुला गंडवतोय बघ." नुसतं सांगून थांबला असता तर ठीक होतं. संध्याकाळी गाडीवर बांधून एक डबा माझ्यासाठीही घेऊन आला, वर सासुरवाडीसाठी आणखी एक. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू मेसचा धंदा आता त्यानेच सावरला.

मी काही बोलले नाही. मेसचा वजनकाटा पुढे ओढला आणि त्याचा प्लॅस्टिकचा कॅन त्यावर ठेवला. नंतर तसलाच एक रिकामा कॅन ठेवून त्याचं वजन वजा केलं. तेल भरलं साडेतेरा किलोच्या थोडं वर. शेजारी पेठेतला पत्र्याचा डबा होता, तो चढवला. तेल पंधरा किलो.

"पण पंधरा तर लिहिलंय की!" तो म्हणाला.

लिहिलं होतंच. त्याच्या कॅनवर 15 लिटर आणि माझ्या डब्यावर 15 किलो. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटर तेल 13 किलो 650 ग्रॅम. आता भाव काढा. माझा डबा किलोला 160 रुपये पडला. त्याचा 2,280 भागिले 13.65, म्हणजे 167 रुपये. माझ्या दराने त्या कॅनला त्याने 2,184 पर्यंतच द्यायला हवे होते. एकशेवीस वाचले म्हणून नाचत आला आणि डब्यामागे 96 रुपये जास्त देऊन आला, वर पेट्रोल. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आता चकल्या मोजून तळते." मार्टवाल्यांनी यात फसवलं म्हणावं तर तेही नाही. कॅनवर सगळं स्वच्छ छापलेलं होतं, वाचायचं याने होतं.

याच तेलाची आणखी एक गंमत. तेल तापलं की फुगतं, म्हणजे गरम तेलाचा लिटर वजनाला हलका. सोयाबीन तेलाचा एक लिटर 21 अंशाला मोजला तर 919 ग्रॅम भरतो आणि 60 अंशाला मोजला तर 893 च्या आसपास. काही कंपन्या पाकिटावर बारीक अक्षरात तापमान लिहून हा फरक खिशात घालत होत्या. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांना सांगितलं की तापमान लिहिणं बंद करा आणि लिटरबरोबर वजनही बरोबर द्या. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली होती. म्हणून पाऊच हातात घेतलं की मी लिटरचा आकडा सोडून ग्रॅमचा शोधते. पाऊच बाहेरून सगळी सारखीच दिसतात, आत कुणाचं 910 ग्रॅम, कुणाचं 850, कुणाचं 750. तुम्ही "एक लिटर दे" म्हणता आणि पोरगा हाताला येईल ते देतो.

पाच लिटरचा कॅन एक लिटरच्या पाऊचपेक्षा स्वस्तच असणार, हेही डोक्यातून काढा. कॅनला प्लॅस्टिकचे पैसे असतात. बऱ्याचदा पाच पाऊच स्वस्त पडतात. रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवता येतं म्हणून घेत असाल तर गोष्ट वेगळी.

पाकिटावरच्या युनिट भावावर डोळे झाकून विश्वास

पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, तांदूळ असा माल ठरावीक मापाच्या पाकिटातच भरावा लागायचा. 2021 मध्ये नियम बदलले आणि ती अट गेली. बदल्यात पाकिटावर युनिट भाव, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव, छापणं सक्तीचं झालं. तारखा पुढे ढकलत ढकलत 2024 च्या जानेवारीपासून ते नीट लागू झालं. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या मेसमधल्या एका इंजिनिअर पोराने मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काकू, आता हिशोब करायची गरजच नाही, छापलेलं असतं." त्याला दोन पाकिटं आणायला लावली.

एक 500 ग्रॅमचं, 68 रुपये. दुसरं 400 ग्रॅमचं, 57 रुपये. दोन्हींवर युनिट भाव लिहिलेला, ग्रॅमला 0.14 रुपये. सारखेच की! आता किलोवर आणा. पहिलं 136 रुपये किलो, दुसरं 142 रुपये 50 पैसे. किलोमागे साडेसहा रुपयांचा फरक त्या दोन आकड्यांत गिळला गेला, कारण किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा छापतात आणि तो दोन दशांशांपर्यंतच. 0.14 म्हणजे 135 ते 145 मधलं काहीही असू शकतं. आणि मुख्य म्हणजे तो भाव एमआरपीवरून काढलेला असतो. मार्टने सूट देऊन लावलेल्या किमतीचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून हिशोब तोंडी करायला शिका, पाचवीचं गणित आहे. 750 ग्रॅमचं पाकीट असेल तर किमतीत तिचाच तिसरा हिस्सा मिळवा: 126 चं पाकीट, तिसरा हिस्सा 42, किलो पडला 168 ला. 400 ग्रॅम असेल तर अडीचपट. 800 असेल तर सव्वापट. 900 असेल तर दहावा हिस्सा आणि वर किंचित. मोबाईल काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण मोबाईल काढला की आधी मेसेज बघितले जातात आणि ट्रॉली तिथेच राहते.

सांगलीत राहून हळद मार्टातून आणणं

याला मी चूक म्हणत नाही, गुन्हा म्हणते.

हळदीच्या सौद्यासाठी देशभरातून व्यापारी सांगलीच्या मार्केट यार्डात येतात. शेजारच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, हळद साठवायची पद्धत पिढ्यानपिढ्यांची. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आमच्या सोसायटीतल्या बाया शंभर शंभर ग्रॅमची हळदीची पाकिटं मार्टातून आणतात, त्यावर "दोनावर एक फ्री" म्हणून! त्या पाकिटाचा किलोचा भाव काढून दाखवला तर एकजण म्हणाली, "पण पाकीट सुटसुटीत असतं ना." असतं. त्या सुटसुटीतपणाचे पैसे दर शंभर ग्रॅममागे मोजावे लागतात.

नवी हळद फेब्रुवारीपासून उन्हाळाभर बाजारात येत असते. त्या दिवसांत ओळखीच्या दुकानातून हळकुंडं घ्यायची. एक मोडून बघायचं. वाळलेलं चांगलं असेल तर कट्कन मोडतं आणि आत गडद केशरी-पिवळं निघतं. वाकलं किंवा दबलं तर ओल राहिली आहे, घेऊ नका. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, जरा ठेचून तुकडे करायचे आणि हळद दळणाऱ्या गिरणीत द्यायची. घरातल्या मिक्सरचा बळी देऊ नका. दरवर्षी कुणीतरी नवीन सून यूट्यूब बघून मिक्सरमध्ये हळकुंड घालते आणि दुसऱ्या दिवशी भांड्याचं पातं घेऊन दुरुस्तीवाल्याकडे उभी असते. दळून आणलेली हळद गार होऊ द्यायची आणि मग काचेच्या बरणीत. चार माणसांच्या घराला वर्षाला एक-दीड किलो पुष्कळ झाली.

चटणीचंही तेच. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये मिरची निवडून, मसाले भाजून डंकावर कांडून आणली की वर्षभर बघायचं काम नाही. "वेळ कुठाय?" हा प्रश्न मला विचारू नका. चार घरांनी मिळून एकदा करा, एक दिवस जातो. मिरची सुटी घ्या, देठ स्वतः खुडा. देठ काढलेली मिरची महाग असते आणि देठ काढता काढता कुजकी, पांढरी पडलेली मिरची हाताला लागते, ती बाजूला होते. हा फायदा कुठल्याच पाकिटात नाही.

वर्षाचं धान्य पावसाळ्यात भरणं

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये नवं लग्न झालेलं जोडपं राहायला आलं. पोरगी हुशार, पण घाईची. महागाईवर उपाय म्हणून वर्षाचं धान्य एकदम भरावं असं तिने कुठल्याशा रीलमध्ये बघितलं आणि जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, गव्हाची दोन पोती घरात आणली. भिंतीला टेकवून फरशीवर उभी केली. नवरात्राच्या आधी ती माझ्या दारात. "काकू, पिठात काळं काळं काय दिसतंय?" पोत्याला हात लावला तर बाहेरूनच ऊब जाणवत होती. आत टोक्यांचं राज्य.

चूक एक नव्हती. दोन माणसांना महिन्याला गहू लागतो सहा-सात किलो. दोन पोती म्हणजे शंभर किलो, वर्ष सरलं तरी सरायचा नाही. गहू भरायचा तो एप्रिल-मे मध्ये, नवा माल आणि कडक ऊन दोन्ही असताना. तूरडाळ त्याच्या थोडी आधी, जत-आटपाडीकडचा शाळू शिमग्याच्या आसपास. ऊन देऊन पुरता गार होऊ द्यायचा, गरम गरम कोठीत ओतला तर आतल्या आत घाम सुटतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तोही वाळवून. ओला पाला घालून बुरशी आणणारे मी बघितलेत. कोठी भिंतीपासून वीतभर लांब आणि खाली लाकडी पाट.

यातलं काही जमणार नसेल तर वर्षाचं भरूच नका. दोन-तीन महिन्यांचं घ्या, थोडं महाग पडेल पण टोक्यांना घालावं लागणार नाही. आणि क्रेडिट कार्डावर उधारीने वर्षाचं धान्य भरणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार. व्याजात तो गहू बासमतीच्या भावाला जातो.

जीएसटी कमी झाला म्हणून सगळं स्वस्त व्हावं ही अपेक्षा

22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली. तूप-लोणी 12 वरून 5 वर. तेलावर आधीपासून 5 होता, तो 5 च राहिला. डाळ, तांदूळ, पीठ सुटं घेतलं तर जीएसटी नाही. 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर 5 टक्के, हे जुलै 2022 पासून आहे. तुमच्या दुकानदाराकडे तांदळाचं पोतं 26 किलोचं का असतं, ते आता कळलं असेल. वजनात तो एक किलो जादा बसवला की पाच टक्के वाचतात.

बाकीच्या, एकेका ओळीत संपणाऱ्या

उपाशी पोटी मार्टात जाऊ नका, फरसाणाच्या रांगेत हात आपोआप जातो. लहान मुलांना नेऊ नका, नेलं तर काउंटरजवळच्या चॉकलेटवरून रडारड गृहीत धरा. "एकावर एक" असेल तर आधी तारीख बघा. मोबाईलवरून घरपोच मागवताना हाताळणीचे, पोहोचवायचे पैसे शेवटच्या पानावर लागतात, ते मिळवूनच भाव काढा. कोथिंबीर मार्टात घेणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी उशिरा मंडईत जाऊन यावं. बिननावाच्या डब्यातलं सुटं तेल घेऊ नका. खाद्यतेल पाकीटबंदच विकायचं असा नियम आहे आणि त्या डब्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर लाजू नका, तांदूळ नीट पाखडला की छान भात होतो. इडलीला तर मी तोच चांगला म्हणेन.

बिल न तपासता बाहेर पडणं

फळीवर लावलेला भाव आणि बिलात लागलेला भाव वेगळा, हे कुठल्याही मोठ्या दुकानात होतं. जुनी पट्टी काढायची राहते, ऑफर काल संपलेली असते, एकच पाकीट दोनदा स्कॅन होतं. मी बिल घेतलं की काउंटरच्या जरा पुढे ट्रॉली लावते आणि ओळीने वाचते. मागचे लोक उसासे टाकतात, टाकू देत. एकदा शेंगदाण्याला पट्टीपेक्षा किलोला अठरा रुपये जास्त लागले होते. काउंटरवरच्या पोरीला दाखवलं तर ती म्हणाली, "सिस्टिममध्ये हाच रेट आहे, मॅडम." मी म्हटलं, मग सिस्टिमला घेऊन फळीपाशी चल. मॅनेजर आला, पट्टी बघितली, पैसे परत दिले. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघांनीही तेच शेंगदाणे घेतले होते. त्यातला एकजण म्हणाला, "जाऊ दे हो, दोन पाकिटांचे छत्तीस रुपये." हाच गृहस्थ थोड्या वेळापूर्वी कांद्याच्या भावावरून सरकारला शिव्या देत होता.

छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतले आणि दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र त्यासाठी बिल लागतं, आणि पाकीटही. दारातल्या कचऱ्याच्या डब्यात बिल चुरगाळून टाकून आलेली माणसं मला नंतर फोन करतात, "काकू, आता काय करू?" आता काही करू नका, चहा प्या.

कात्री चुकीच्या जागी लावणं

हे शेवटी लिहितेय, पण सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. बजेट बसेना की लोक आधी दूध कमी करतात, मग डाळ पातळ होते, मग शेंगदाण्याचं कूट बंद. थंड पेयाची दोन लिटरची बाटली, तयार पराठे, चिप्स, भांड्यांचं तिसऱ्या वासाचं लिक्विड तसंच ट्रॉलीत. एका बाईंनी मला सांगितलं, तूर परवडत नाही म्हणून आता आठवड्यातून दोनदाच वरण करते. त्यांच्या पिशवीत नूडल्सचा बारा पाकिटांचा जोड होता. त्याच पैशात मसूर किंवा मूग आला असता. मेसमध्ये तूर चढली की मी निम्मी मसूर घालते, चुलीवरून उतरताना लसणाची फोडणी देते आणि पोरं दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात. एकाने विचारलं होतं, आमटीला आज वेगळी चव कशी? सांगितलं, तुझी परीक्षा आहे म्हणून स्पेशल.